मारिया ग्रेव्हर : गाणी सगळ्यांना ठाऊक, बाई कुणालाच नाही

चांदणचुरा

गेलं वर्षभर स्पॅनिशच्या वर्गाला जातेय. वय पन्नाशीला टेकलंय आणि वर्गातली बाकीची मुलं माझ्या लेकीच्या वयाची, त्यामुळे मागच्या बाकावर बसून गुपचूप वही लिहिते. भूतकाळाचा धडा आला त्या दिवशी सरांनी पुस्तक मिटलं आणि फोनवर एक जुनं गाणं लावलं. 'ते किएरो, दिहिस्ते'. फळ्यावर एवढंच लिहिलं. 'ते किएरो' म्हणजे माझं तुझ्यावर प्रेम आहे. 'दिहिस्ते' म्हणजे म्हणालीस. (म्हणालास असंही होईल, स्पॅनिश क्रियापदाला आपल्यासारखं लिंग नाही. पुढच्या ओळी ऐकल्या की 'म्हणालीस' हे कळतं.) सर म्हणाले, पहिलं क्रियापद वर्तमानात, दुसरं भूतकाळात, मध्ये फक्त एक स्वल्पविराम. आता सांगा, तिचं अजून प्रेम आहे का? पोरंपोरी एकमेकांकडे बघत बसली.

घरी येऊन ते गाणं शोधलं. गाणारा नॅट किंग कोल, १९५८ चा स्पॅनिश गाण्यांचा अल्बम. त्याला स्वतःला स्पॅनिश येत नव्हतं, उच्चार पाठ करून गायलाय आणि तरीही काय गायलाय! संगीतकाराच्या जागी 'मारिया ग्रेव्हर' असं नाव. आडनावावरून मला वाटलं कुणी जर्मन बाई असेल. निघाली मेक्सिकन. गीतही तिचं, चालही तिचीच.

मग तिच्या गाण्यांची यादी बघितली आणि कपाळावर हात मारून घेतला. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीत मी 'व्हॉट अ डिफरन्स अ डे मेड' म्हटलं होतं. सुरुवातीला मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की हे एक जुनं अमेरिकन गाणं आहे, डायना वॉशिंग्टनचं. तेही ह्याच बाईचं! मूळ गाणं १९३४ चं, 'क्वांदो वुएल्वा आ तु लादो', म्हणजे 'मी तुझ्याजवळ परत येईन तेव्हा'. स्टॅन्ली अ‍ॅडम्सनं त्यावर इंग्रजी शब्द बसवले. १९५९ मध्ये डायना वॉशिंग्टननं ते गायलं, शीर्षकातल्या 'मेड'चं 'मेक्स' झालं, ग्रॅमी मिळालं आणि गाणं कायमचं तिचं झालं. गंमत म्हणजे दोन्ही गाण्यांचा अर्थ अगदी उलटा आहे. इंग्रजीतल्या बाईचं सगळं जुळून आलंय, काल पाऊस होता आणि आज ऊन आहे. स्पॅनिशमधला माणूस अजून पोचलेलाच नाही. तो आधीच विनवून ठेवतोय की आलो की मला नाही म्हणू नकोस. सूर तेच.

तिच्याबद्दल जे वाचलं ते थोडक्यात लिहिते. पूर्ण नाव मारिया होआकिना दे ला पोर्तिया तोरेस. मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो राज्यातलं लेओन हे गाव. वडील स्पॅनिश, आई मेक्सिकन. जन्मसाल बहुतेक ठिकाणी १८८५, जुन्या पुस्तकांत १८९४ (नऊ वर्षं कुणी कमी केली असतील ते आपण सगळ्या ओळखून आहोत). बालपण स्पेनमधल्या सेव्हिलला, मग परत मेक्सिको. १९०७ मध्ये लिओ ग्रेव्हर नावाच्या अमेरिकन तेलकंपनीतल्या अधिकाऱ्याशी लग्न. १९१६ ला न्यूयॉर्क, तेव्हा मेक्सिकोत क्रांतीची धुमश्चक्री चालू होती. पुढची ३५ वर्षं तिचं घर न्यूयॉर्कच. तिथे तिनं मैफिली केल्या, गाण्याच्या शिकवण्या घेतल्या, पॅरामाउंट आणि फॉक्ससाठी चित्रपटांचं पार्श्वसंगीत लिहिलं, आणि ह्या सगळ्या धबडग्यात गाणी लिहीत राहिली.

मला सगळ्यात जास्त अडकवलं ते गाण्यांच्या नावांनी. 'मी परत येईन तेव्हा'. 'व्होल्व्हेरे' म्हणजे 'परतेन'. 'देस्पेदीदा' म्हणजे निरोप. 'पोर सी नो ते वुएल्वो आ वेर', म्हणजे 'पुन्हा भेट झाली नाही तर असावं म्हणून'. सगळी प्रेमगीतं आहेत, कबूल. पण अशी नावं एका मागोमाग वाचली की प्रेयसीच्या जागी गाव दिसायला लागतं. १५ डिसेंबर १९५१ ला ती न्यूयॉर्कमध्ये गेली. तिच्या इच्छेप्रमाणे तिला मेक्सिको सिटीच्या स्पॅनिश दफनभूमीत नेऊन पुरलं.

तुमच्यापैकी कुणी हिची आणखी गाणी ऐकलीत का? आणि तिचं 'हुरामे' (म्हणजे 'शपथ घे') हे गाणं मराठीत करता येईल का, हा प्रश्न मी राखून ठेवलाय.

बोलभांड_बापू

मस्त धागा. 'बेसामे मूचो' पण हिचंच ना?

चांदणचुरा

नाही हो बापू, सगळ्यांचा हाच गोंधळ होतो. ते कोन्सुएलो व्हेलास्केसचं. तीही मेक्सिकन, हालिस्को राज्यातली, पियानोवादक. पुढे खासदारही झाली. ग्रेव्हरचं नुसतं 'बेसामे' नावाचं एक गाणं आहे, पण ते निराळं आणि बरंच आधीचं.

बोलभांड_बापू

म्हणजे एक नुसतंच 'मुका घे' आणि दुसरं 'पुष्कळ मुके घे'. दुसरं जास्त चाललं ह्यात नवल ते काय. :)

तंबोरी

चांदणचुरा, 'ग्रेव्हर' नको, 'ग्रेबेर' म्हणा. स्पॅनिशमध्ये व आणि ब एकच. (घ्या, आले व्याकरणवाले!)

मी ठाण्यात पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं शिकवते. 'हुरामे' माझ्या विद्यार्थ्यांना हमखास देते, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिते.

१९२६ चं गाणं. होसे मोहिका नावाच्या मेक्सिकन टेनरनं (उंच पट्टीच्या पुरुष गायकानं) ते गाजवलं. हा मोहिका हॉलिवूडमध्ये नायक होता, देखणा, पैसेवाला. आई गेल्यावर सगळं सोडून पेरूला गेला, फ्रान्सिस्कन साधू झाला आणि १९४७ मध्ये पाद्री. 'शपथ घे की कितीही काळ लोटला तरी' असं म्हणणाऱ्यानं शेवटी भलतीच शपथ घेतली.

आता गाण्याकडे. पहिला भाग ऐका. डाव्या हातात हाबानेराची लय आहे, टँगोच्या आईची म्हणा ना: लांब, आखूड, मग दोन सारखे. सुरावट मायनरमध्ये, म्हणजे आपल्या कानाला कोमल गंधाराची. गायक जवळजवळ बोलतोच आहे, सगळे म्हणतात माझं तुझ्यावर प्रेम नाही वगैरे तक्रारी चालल्यात. आवाज तोंडातल्या तोंडात. आणि मग 'हुरामे' हा शब्द येतो, तिथे गंधार शुद्ध होतो. तोच षड्ज, पण खोलीत कुणीतरी खिडकी उघडावी तसं होतं. माझे निम्मे विद्यार्थी इथे पहिल्यांदा आवाज चढवतात, कारण त्यांना वाटतं मोठी जागा आली. नाही. आधी फक्त उजेड वाढवायचा, आवाज नंतर. पहिल्याच 'हुरामे'ला सगळा दम संपवला की पुढच्या ओळीत फजिती ठरलेली, कारण चाल वर वर चढतच जाते.

हे लिहिणारी बाई स्वतः गाणारी आणि गाणं शिकवणारी होती, हे ह्यावरूनच कळतं. श्वास कुठे घ्यायचा ते चालीतच ठेवलंय. पियानोवाल्या संगीतकारांची गाणी गाताना कधी कधी जीव जातो, कारण बोटांना श्वास लागत नाही.

म्हणूनच तिची गाणी दोन्हीकडे चालतात. ऑपेराचे टेनर अजूनही मैफिलीच्या शेवटी आग्रहाखातर 'हुरामे' गातात, आणि मेक्सिकन पॉप गायक लुईस मिगेलनं १९९१ च्या 'रोमान्से' अल्बममध्ये 'क्वांदो वुएल्वा' घेतलं तेव्हा विशीतल्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं.

चांदणचुरा

तंबोरीताई, 'आवाज नंतर, आधी उजेड' हे माझ्या वहीत गेलं. आता तुमच्या ठाण्याला येऊन शिकावं म्हणते.

शंकासुर

लेख आवडला, पण नेहमीप्रमाणे मी माशी शिंकायला आलोय.

ह्या बाईबद्दल नेटवर दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, ती फ्रान्समध्ये देब्यूसी ह्या बड्या फ्रेंच संगीतकाराकडे शिकली. दोन, १९१२ चं तिचं पहिलं गाणं 'आ उना ओला' (लाटेला उद्देशून) तीस लाख प्रती खपलं. दुसरी गोष्ट घ्या. १९१२ चा मेक्सिको म्हणजे क्रांती पेटलेली, लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास, त्यात लिहितावाचता येणारे थोडे आणि पियानो बाळगणारे त्याहून थोडे. तीस लाख प्रती घेतल्या कुणी? स्पेन धरा, क्युबा धरा, अख्खी दक्षिण अमेरिका धरा, तरी आकडा पोटात जात नाही. 'आठशेच्या वर गाणी' हाही असाच गोल गरगरीत आकडा. प्रकाशकांच्या जाहिरातीतून आलेल्या गोष्टी शंभर वर्षं एकमेकांच्या चोप्या करत फिरतात.

तुम्ही लेखात ह्या दोन्ही गोष्टी टाळल्यात, त्याबद्दल अभिनंदन.

चांदणचुरा

खरं सांगू? टाळल्या कारण देब्यूसीची गोष्ट वाचून मलाच 'बालगंधर्वांनी पाठ थोपटली होती' टाइप वाटलं. आपल्याकडे प्रत्येक गाणाऱ्या आजोबांची एकदा तरी कुणीतरी थोपटलेली असते.

तंबोरी

शंकासुर, आकड्याबाबत +१. देब्यूसीबद्दल मात्र चालीत पुरावा शोधायला जाऊ नये. तिच्या पियानोच्या साथीत अधूनमधून फ्रेंच वळणाच्या स्वरसंगती आहेत, पण त्या काळात त्या न्यूयॉर्कच्या हवेतच होत्या. तिचं खरं कसब साधेपणाचं. 'क्वांदो वुएल्वा'ची पहिली ओळ गुणगुणून बघा, सूर पायरीपायरीनं जातात, मोठी उडीच नाही. म्हणून बाथरूममध्ये गाता येतं आणि डायना वॉशिंग्टनला त्यात आपलं सगळं दुखणं ओतायलाही जागा उरते.

वकिलीणबाई

मराठीत करण्याचा विषय निघालाय म्हणून पोटापाण्याच्या धंद्यातलं थोडं सांगते.

भारतात लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतात, मृत्यू झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायची. ग्रेव्हर १९५१ ला गेल्या, म्हणजे २०११ संपलं तसे त्यांच्या चालींचे आणि त्यांनी स्वतः लिहिलेल्या स्पॅनिश शब्दांचे इथले हक्क संपले. इंग्रजी शब्द मात्र स्टॅन्ली अ‍ॅडम्सचे, तो १९९४ ला गेला, त्यामुळे ते अजून बरीच वर्षं राखीव. अमेरिकेत हिशोब वेगळा, तिथे त्या काळच्या गाण्यांना प्रकाशनापासून ९५ वर्षं. १९२६ चं 'हुरामे' २०२२ च्या १ जानेवारीला मोकळं झालं, १९३४ चं 'क्वांदो वुएल्वा' २०३० ला होईल. रेकॉर्डिंगचे हक्क ह्याहून निराळे, त्यात गल्लत करू नका.

सारांश: पुण्यात बसून 'हुरामे'ला मराठी शब्द खुशाल बसवा. चांगले बसवा म्हणजे झालं, त्याला कायदा काही करू शकत नाही.

टेक्सासचा_तात्या

मी सॅन अँटोनिओत राहतो, वीस वर्षं झाली. आमच्याकडे तेहानो म्हणून संगीताचा प्रकार आहे. टेक्सासमधल्या मेक्सिकन लोकांचं अकॉर्डियनचं, नाचायचं गाणं. ८० च्या दशकात ह्या गाण्यांची इथली मोठी कंपनी होती कारा रेकॉर्ड्स, तिचा मालक बॉब ग्रेव्हर. हे आडनाव मी कितीतरी जुन्या रेकॉर्डच्या मागे वाचलंय. आज हा धागा वाचून कळलं म्हणून शोधलं, तर तो मारियाबाईंचा नातूच! आजीची गाणी गावोगावचे टेनर गायचे, नातवानं ट्रकवाल्यांचा आणि लग्नातल्या नाचाचा धंदा केला. दोघांचं गिऱ्हाईक एकच, घरापासून लांब आलेली स्पॅनिश बोलणारी माणसं.

आणि ताई, ते गावाबद्दल लिहिलंत ना, त्यावर काही लिहिणार नव्हतो. आमच्या आईला शेवटी तिकडे नेता आलं नाही. असो.

चांदणचुरा

तात्या…

बॉब ग्रेव्हरचं मला अजिबात माहीत नव्हतं, खूप आभार.

नाटक्या

ह्या बाईंनी ब्रॉडवेवर नाटकही केलंय, ते कुणी सांगितलंच नाही. 'व्हीव्हा ओब्रायन', ऑक्टोबर १९४१, मॅजेस्टिक थिएटर. संगीत ग्रेव्हर, शब्द रेमंड लव्हीन (ग्रेव्हरच्या 'टी-पी-टिन' ह्या गाण्याचे इंग्रजी शब्दही ह्यांचेच). नाटकाचं वैशिष्ट्य काय, तर रंगमंचावर चक्क पोहण्याचा तलाव! नट पाण्यात सूर मारतायत आणि ऑर्केस्ट्रा वाजतोय. २० प्रयोगांत बाडबिस्तरा गुंडाळला.

आमच्या हौशी संस्थेनं एका एकांकिकेत खरा पाऊस पाडला होता, बादलीला भोकं पाडून. तिसऱ्या रांगेपर्यंत सगळे भिजले आणि परीक्षक नेमके तिसऱ्या रांगेत होते. त्यामुळे मारियाबाईंबद्दल मला अतीव सहानुभूती आहे.

बोलभांड_बापू

२० प्रयोग म्हणजे तलावाच्या पाण्याचंही बिल निघालं नसेल.

चांदणचुरा

हसून हसून पुरेवाट. पण ह्याच बाईनं त्याच्या आधी १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिटिल थिएटरमध्ये जो कार्यक्रम केला तो मला भारी वाटला. गाणी नुसती उभ्यानं म्हणायची नाहीत, त्यांची छोटी छोटी नाट्यदृश्यं करायची, वेशभूषेसकट. म्हणजे नाटकाचा किडा जुनाच. तलाव ही निर्मात्याची अक्कल असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलंय.

गोमंतक

थोडं अवांतर, पण अगदीच नाही.

आमचे आजोबा मडगावचे, ३० च्या दशकात मुंबईला आले आणि हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. त्या काळी मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांतले बँड गोवेकरांनी भरलेले होते, कारण सरळ आहे: चर्चच्या शाळांतून पोरांना लहानपणीच सोल्फेज शिकवायचे. डो रे मी बघून गायचं, मग व्हायोलिन हातात. कागद समोर ठेवला की वाजलंच पाहिजे. ह्या मारियाबाईही लहानपणी सोल्फेओच शिकलेल्या असणार, तोच शब्द, एक पोर्तुगीजांकडून आला नि एक स्पॅनियार्डांकडून. त्यामुळे न्यूयॉर्कला छापलेला तिचा कागद बोटीनं मुंबईला आला तर आजोबांना तो वाचायला दुभाष्या लागायचा नाही.

आजोबा 'टी-पी-टिन' म्हणून एक वॉल्ट्झ शिट्टीवर वाजवायचे. आम्हा पोरांना वाटायचं ते त्यांनी आमच्यासाठी रचलंय, कारण नावच तसं, टीपीटिन टीपीटॉन. आज इथे वाचतोय की ते ह्या बाईचं?

चांदणचुरा

हो! १९३८ चं. अमेरिकेत होरेस हाइट नावाच्या बँडमास्तरानं वाजवून पहिल्या क्रमांकावर नेलं. २०२१ च्या ११ फेब्रुवारीला गूगलनं मुखपृष्ठावर मारियाचं चित्र लावलं होतं ते ह्याच गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या तारखेचं निमित्त करून. आजोबांच्या शिट्टीचं वाचून अंगावर काटा आला.

जुनी_तबकडी

गोमंतक ह्यांचं अवांतर पुढे नेतो. आपल्या अण्णांचं (सी. रामचंद्र) 'गोरे गोरे' आठवा, १९५० च्या 'समाधी'तलं. ते 'चिको चिको फ्रॉम पोर्तो रिको'वरून घेतलंय हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते मूळ गाणंही पोर्तो रिकोचं नव्हे, हॉलिवूडच्या जिमी मॅकह्यूनं एका सिनेमासाठी केलेलं. म्हणजे आपल्याकडे 'लॅटिन' म्हणून जे आलं त्यातलं बरंचसं न्यूयॉर्क-हॉलिवूडच्या गाळणीतून गाळून आलेलं. त्या गाळणीपाशी बसून अस्सल स्पॅनिशमध्ये लिहिणाऱ्या मोजक्या लोकांत ही बाई होती. आणि तिचं गाणं इंग्रजी झालं की मूळ शब्द गळून पडायचे. 'ते किएरो, दिहिस्ते'चं इंग्रजीत 'मॅजिक इज द मूनलाइट' झालं. १९४४ च्या 'बेदिंग ब्यूटी' सिनेमात कार्लोस रामिरेस नावाचा कोलंबियन गायक ते गातो आणि आजूबाजूला पोहण्याचा तलाव.

नाटक्या

पुन्हा तलाव!! ह्या बाईचा आणि पाण्याचा काय संबंध आहे? पहिलं गाणं लाटेवर, मग नाटकात तलाव, मग सिनेमात तलाव.

शंकासुर

हे मात्र आकड्यांपेक्षा पटण्यासारखं निरीक्षण आहे.

लालपरी_एसटी

मला एक विचारायचं होतं. नवऱ्याचं आडनाव लावलं म्हणून ती हरवली असं म्हणायचं का? 'मारिया दे ला पोर्तिया' असतं तर लोकांनी मेक्सिकन म्हणून लक्षात ठेवलं असतं. आपल्याकडे लतादीदींनी संगीत दिलं ते 'आनंदघन' नावानं. बायकांनी चाली केल्या की नाव कुठेतरी भलतीकडेच जातं, असं मला नेहमी वाटतं.

चांदणचुरा

लालपरी, आडनावाचा भाग आहेच, मीही जर्मनच समजले होते. पण आनंदघन हे दीदींनी आपणहून घेतलेलं नाव, ते जरा वेगळं. आणि मेक्सिकोत मारिया हरवलेली नाही बरं का. तिथे १९५४ मध्ये तिच्या आयुष्यावर सिनेमा आला, लिबेर्ताद लामार्के ह्या अर्जेंटिनाच्या मोठ्या गायिका-नटीनं तिची भूमिका केली. ती हरवली आहे इंग्रजीतून ऐकणाऱ्यांपुरती. म्हणजे माझ्यासारख्यांपुरती. ज्यांनी स्पॅनिशमधून ऐकलं त्यांना हा धागा वाचून 'सांगा काहीतरी नवीन' वाटेल.

शेवटची वर्षं फार सुखाची नव्हती. डोळ्यांच्या दुखण्यातून उठल्यावर १९४२ मध्ये तिनं न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिशभाषक अंधांच्या संस्थेसाठी मदतीचा कार्यक्रम केला. १९४८ मध्ये पक्षाघात झाला. तीन वर्षांनी गेली.

तंबोरी

बरं, आता मराठीकडे वळा. कोण बसवतंय 'हुरामे'?

चांदणचुरा

दोन रात्री घालवल्या. 'शपथ घे' बसतच नाही. 'हुरामे'चा आघात पहिल्या अक्षरावर, 'हू' लांब खेचायचा आणि 'रामे' सोडून द्यायचं. 'शपथ'मधला 'श' लांबवला की 'शाऽऽपथ' होतं, मंत्रिमंडळाचा शपथविधी वाटतो. 'वचन दे'चीही तीच रड.

वकिलीणबाई

शाऽऽपथ. मी कोर्टात रोज ऐकते, अगदी अस्संच.

तंबोरी

अर्थ थोडा सैल करा. 'सांग ना' घेऊन बघा. सांऽऽऽग ना. पहिलं अक्षर गुरू, हवं तेवढं ताणता येतं, अनुस्वारावर आवाज गुंजतोही छान. शपथ पुढच्या ओळीत आणा.

चांदणचुरा

बसलं!! स्वयंपाकघरात म्हणून बघितलं, फोडणी करपली. पण एक घोळ आहे. 'हुरामे' हुकूम आहे, 'सांग ना' आर्जव. तो 'ना' सगळं मऊ करून टाकतो.

तंबोरी

मग पहिल्यांदा 'सांग ना' आणि शेवटच्या वेळी नुसतं 'सांग'. 'ना'च्या जागी श्वास घ्या.

टेक्सासचा_तात्या

हे रेकॉर्ड करून टाका इथे. माझ्या शेजारच्या आजी मेक्सिकोतल्या मोन्तेर्रेच्या आहेत, त्यांना ऐकवतो. मराठी कळणार नाही, पण चूक असली तर तोंडावर सांगतील.

चांदणचुरा

तात्या, त्या आजींची भीती वाटतेय. वर्गाच्या शेवटच्या दिवशी सरांसमोर आधी स्पॅनिशमध्ये म्हणणार आहे, तिथे पास झाले तर मराठी टाकते.

गोमंतक

परत आलो. तुमच्या उत्तरानंतर मडगावला काकांना फोन केला, म्हटलं आजोबांची ती पत्र्याची ट्रंक अजून आहे का माळ्यावर. काकांनी दोन दिवस कटकट केली, मग काढली. वाळवीनं निम्मं खाल्लंय. पण 'टी-पी-टिन'चा कागद मिळाला, त्यांनी फोटो पाठवलाय.

मुखपृष्ठावर कोट-टाय घातलेल्या कुणा बँडमास्तरचा हा एवढा मोठा फोटो. मारियाबाईंचं नाव आतल्या पानावर, उजव्या कोपऱ्यात, शेंगदाण्याएवढ्या अक्षरात. मला वाचायला फोटो तीनदा मोठा करावा लागला.

आणि पहिल्या ओळीच्या वर आजोबांनी पेन्सिलीनं, रोमी लिपीत, एकच शब्द लिहिलाय: 'सवकास'.